टबाला कसली पूजा

१२ नोव्हेंबर

आजही रिकामे आले! टबात ना मासा ना काटा. ओटीवर टेकून म्हणतात, "पाणी गढूळ हाय." मी बरं म्हटलं. पण शेजारच्या गोदूबाईच्या दीपेशने ह्यांच्या नेहमीच्या कासव्या खडकावरून दोन सुरमया आणल्या, शेपट्या टोपलीबाहेर लोंबत होत्या. एकाच दर्यात दीपेशला मासा आणि ह्यांना चिखल?

ह्यांचं नाव इथेसुद्धा लिहीत नाही. घ्यायची सवय नाही, लिहायची तर त्याहून नाही.

होडी विकली त्याला तीन वर्षं झाली. खलाशी मिळेनात, पोरगा अल्पेश न्हावा शेव्याला नोकरीला, एकट्या माणसाने होडी कशी हाकायची! होडी गेली आणि ह्यांच्या पाठीचा कणाच गेला. दिवसभर ओटीवर. विचारलं तर उत्तर, नाहीतर ते पण नाही. मग गेल्या साली पर्यटकांना पाण्यात फिरवणारा विनेश धंदा गुंडाळून गावी निघाला. जाताना ही केशरी प्लास्टिकची कयाक ह्यांच्या गळ्यात घालून गेला. दोन जागा, दोन तोंडांची दोन वल्ही. गाव तिला टब म्हणतं, आम्हीही टबच म्हणतो. पण टबात बसायला लागल्यापासून माणूस परत माणसांत आलाय. जेवतो. भांडतो! म्हणून ही रिकामी टोपली बघवत नाही.

संध्याकाळी अंगणात बघून म्हणाले, "कोण उभं हाय गो? आत ये म्हणावं."

माझी हिरवी साडी वाळत होती दोरीवर.

१३ नोव्हेंबर

विचारलं. आधी ओरडले. मग म्हणाले, "नळीतून बघावं तसं दिसतं. बाजूचं सगळं काळं."

१६ नोव्हेंबर

अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. काचबिंदू. गेलं ते परत येणार नाही, उरलेलं राखायला थेंब. डॉक्टरीणबाई पोरसवदा होती पण बोलायला गोड. "आजोबा, थेंब चुकवायचे नाहीत." हे म्हणाले, "दर्यावर जाऊ का?" तिला वाटलं, फिरायला जायचं विचारतायत. म्हणाली, जा की!

एसटीत माझा हात धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा, तेही लोकांत. म्हणाले, "अल्पेशला बोलायचं न्हाय. कळलं तर टब विकंल आणि मला उरणला चौथ्या माळ्यावर नेऊन बसवंल. तिथनं दर्या दिसतो पण वास येत न्हाय."

शब्द दिला. दिला खरा, पण घास घशात अडकावा तसा अडकलाय. आंधळ्या माणसाला एकटं दर्यात सोडू? की घरात बसवून जिता मारू?

१८ नोव्हेंबर

आज समजावून सांगितलं मासा का मिळत नाही ते. कासव्या खडक पाण्याखाली आहे, वरून दिसत नाही. तो सापडतो जमिनीवरच्या खुणांनी. कारखान्याची उंच चिमणी सुरूच्या बनाच्या टोकावर यायला हवी, आणि दुसऱ्या अंगाला उंदेरी किल्ल्याच्या बुरुजाआडून खांदेरी बेटावरचा दिवा नुसता डोकवायला हवा. दोन्ही एका वेळी जुळलं की खाली खडक. "एक शोधतो तंवर दुसरं हरवतं," म्हणाले. तंबाखू मळत होते. मळतच राहिले.

मी म्हटलं, मग मला दाखवा. मी बघते.

माझ्याकडे असं बघितलं जशी मी खुळी झालेय! आमच्यात बाईने मासेमारीच्या होडीत पाय ठेवायचा नाही. बाईने किनाऱ्यावर टोपली घेऊन उभं राहायचं. माझ्या आईनं तसंच केलं, सासूनं तसंच केलं.

"होडीत न्हाय चालत ना?" मी म्हटलं. "ह्याची पूजा झालीय का? नारळी पौर्णिमेला पुढच्या नाळेला हळद लागलीय? नाव घातलंय? न्हाय ना? मग हा टब. टबात बाई बसते. कपडे धुवायला पण बसते!"

किती दिवसांनी हसले.

२० नोव्हेंबर

मी गेले!!

अल्पेशची जुनी पँट घातली. कमरेला साडीची चिंधी. विनेशने टबासोबत दिलेली फुगीर जाकिटं दोघांच्या अंगात. उजाडायच्या आधी निघालो म्हणजे कोणी बघणार नाही. मी पुढे, हे मागे. पहिल्या लाटेला मी देवांची नावं घेतली, खांदेरीच्या वेताळाचं दोनदा.

मग उजाडलं, आणि मी मान वळवली.

आमचं थळ! चाळीस वर्षं ह्या किनाऱ्यावर उभं राहून मी दर्या बघितला, दर्यातून किनारा कधी बघितला नव्हता. केवढासा तो! आमचं घर काड्यापेटीएवढं. बोंबील वाळवायच्या काठ्या म्हणजे पोरीने अंगणात खोचलेल्या झाडूच्या काड्या. त्या घरात मी जन्म घालवला, त्यातच भांडले, रडले, आणि सगळं एका अंगठ्याखाली झाकतं. मी खरंच अंगठा धरून बघितला.

"चिमणी कुठं हाय?" मागून विचारलं.

"बनाच्या डावीकडं."

"आणि दिवा?"

"अजून बुरुजाआड."

"मार वल्हं."

मारलं. चिमणी सरकत सरकत बनाच्या टोकावर येऊन बसली. दिवा डोकावला. मी ओरडले! हे म्हणाले, "ओरडू नको, मासे काय बहिरे हायत?"

दोन तांब मासे मिळाले. छोटेच. पण रिकामे आलो नाही.

२१ नोव्हेंबर

खांदे मोडले. दंडाला तेल चोळून घेतलं. भाकरी थापताना आई गं!

४ डिसेंबर

आज बुडता बुडता वाचलो. लिहितानाही हसू आवरत नाही.

अख्खा बांगडा गळाला लावून मागे सोडला होता. सुरमईचे दात दोरी कापतात म्हणून टोकाला तार. खडकावर पोचलो आणि दोरी अशी गेली, जशी कुणी पलीकडून घरी चाललंय! हे खूष. आणि होडीत जन्मभर जे केलं तेच हाताने आपसूक केलं — दोरीचे कडेच्या मुठीवर दोन वेढे दिले. होडीत तसंच करतात. होडीचं वजन माशाला दमवतं. पण टबाला कसलं वजन! मासा आडवा पळाला, टब कलंडला आणि आम्ही दोघं भांड्यातून तांदूळ ओतावेत तसे पाण्यात. टब आपला परत सरळ, वर तरंगतोय साळसूद! दोरी तुटून गेली.

जाकिटांनी वर आणलं. टबाला धरून लोंबकळत होतो. हे म्हणतात, "केवढा होता गो!" मी म्हटलं, आधी टोपी पकडा, चाललीय मुंबईला.

वर चढायला मात्र देव आठवले. एकाने एका बाजूने टब दाबून धरायचा, दुसऱ्याने दुसरीकडून पोट घासत चढायचं. मी चढले तेव्हा माझी अब्रू पूर्वेला आणि मी पश्चिमेला. नशीब, बघायला फक्त बगळे.

घरी येऊन विचार केला. दोरी कडेला नको, टबाच्या नाकाला हवी. मासा ओढेल तिकडे टब नाक करून जाईल, कलंडणार नाही. पण नाकापाशी मी बसते.

हे नव्या दोरीला गळ बांधत होते. मग म्हणाले, "मग दोरी तुझ्याकडं."

९ डिसेंबर

गोदूबाईने पकडलं. किनाऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभी.

"काय गो सगुणे! म्हातारपणी हनिमून काय?"

मी म्हटलं, व्हय, तुला का पोटात दुखतं?

"पँट कुणाची गो?"

"तुझ्या सासऱ्याची."

खिदळली. पण आता अख्ख्या कोळीवाड्याला कळणार. गोदूबाईच्या पोटात पाणी राहील, गोष्ट राहायची नाही. एक बरं — तिला वाटतंय मी हौसेने जाते. डोळ्यांचं तिच्या ध्यानात नाही. वाटू दे. हौसखोर म्हणून घेईन.

२२ डिसेंबर

आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

पाणी तेलासारखं होतं. चिमणी बनावर, दिवा बुरुजाला लागून. दोरी माझ्या बोटांवरून नाकावर. बोटाला नुसती टिचकी लागली, आणि मग टब चालू पडला! वल्हं मांडीवर, आणि आम्ही चाललोय. एवढ्या जोरात मी रिक्षातही बसले नाही.

"सोड, सोड, पळू दे!" हे मागून.

"पळतोयच की!"

"ढिली झाली की ओढ. ढिली झाली का?"

"न्हाय."

"आता?"

"न्हाय हो! बोलू नका!"

उंदेरीच्या अंगाला नेलं, परत फिरवलं, टबाखालून गेला तेव्हा मी हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून दोरी धरली. बोटाला चिंध्या बांधल्या होत्या तरी कापलं. ह्यांनी काही दिसत नसताना नुसतं टबाच्या हलण्यावरून सांगितलं की दमला, आता ओढ. मी ओढलं. आणि खालून वर आली ती.

चाळीस वर्षं मी सुरमई विकली. कापली, खारवली, हजार वेळा नखाने कल्ला उघडून दाखवला. पण जिती सुरमई कधी बघितली नव्हती! अंगावर निळाहिरवा उजेड — मोराच्या मानेवर असतो ना, तसा. पट्टे जणू आत्ता कुणी ओल्या बोटाने ओढलेत. मी बघतच राहिले.

"आकडा!" हे ओरडले.

मी लोखंडी आकडा टाकला आणि तिला माझ्या दोन पायांमध्ये घेतली. माझ्या कमरेएवढी लांब. शेपूट गुडघ्यावर आपटत होती, तोंड तिकडे दातांसकट. वर ओलं गोणपाट टाकून बसले. थोड्या वेळाने गोणपाट उचललं तर तो उजेड विझलेला. राखाडी. मी रोज विकते तशी.

मला रडू आलं. का ते कळेना. ह्यांनी मागून हात पुढे करून तिच्या अंगावरून फिरवला — डोक्यापासून शेपटीपर्यंत, हळूहळू. मग म्हणाले, "अशी मी पण फार न्हाय काढली."

डोकं रीतीप्रमाणे तांडेलाचं, होडीच्या म्होरक्याचं. घरी आमटी केली आणि डोकं ह्यांच्या पानात वाढलं. त्यांनी उचलून माझ्या पानात ठेवलं. अर्धी सुरमई गोदूबाईकडे पाठवली, तोंड बंद राहावं म्हणून. राहायचं नाही.

१२ जानेवारी

अल्पेश आला होता. सूनबाई जागृती आणि पोर उरणलाच. कुणीतरी मोबाईलवर आमचा फोटो पाठवलेला त्याला — केशरी टब, पुढे मी, पँट!

"आई, वय काय तुमचं? मरायचंय का दोघांना? बाबांचं एक ठीक आहे, पण तू?"

बाबांचं एक ठीक आहे! मी हसू दाबलं.

मग मोबाईल काढून ह्यांच्या पुढे धरला. "बाबा, बघा नातवाला. काय करतोय ओळखा."

हे मोबाईल असा धरून बसले जसा गरम तवा. मी भाकरी टाकून धावले. "अगं बाई, सायकल घेतली! लाल! बघू, बघू मला!" आणि हिसकावून घेतला.

हे ताबडतोब म्हणाले, "लाल चांगली. पण ब्रेक बघून घे."

अल्पेश खूष. जाताना म्हणाला, "बाबा एकदम फिट आहेत की. नजर पण तेज!"

तो वळणावर गेल्यावर आम्ही दोघं आत येऊन खूप हसलो. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. पाणी कसलं होतं कोण जाणे.

३ फेब्रुवारी

रावस. मोठा. पहाटे मीच उठवलं, हे सुस्त होते. आता गजर लागत नाही, मलाच जाग येते.

१४ मार्च

शिमगा. हे नाचले नाहीत. खांदा दुखतो म्हणाले. डाळ-पुरण केलं.

मी म्हटलं, उद्या ओहोटी चांगली आहे. माझ्या तोंडाकडे वळले — तोंड पुरतं दिसत नाही त्यांना आता — आणि म्हणाले, "बरं. जाऊ."

२९ मार्च

एक मोठी गेली. खडकात शिरली आणि तार कापून गेली. दिवसभर मी तीच पकडतेय मनात. सुकट निवडताना गोदूबाई म्हणाली, "हात का झटकतेस गो?" मी दोरी ओढत होते!

३१ मे

उद्यापासून मासेमारीला बंदी. टब वर ओढून पत्र्याखाली उपडा घातला. दोन महिने दर्या नुसता ऐकायचा.

८ जुलै

डोळे आणखी उतरले. ताटातली चटणी शोधतात बोटाने. मी आता सगळं घड्याळासारखं वाढते — भात बाराला, कालवण तीनला, चटणी नऊला. नातवाच्या पुस्तकात घड्याळ होतं, त्यावरून सुचलं. त्यांना सोपं जातं.

२० जुलै

कोळीवाड्याचे पाटील गुणाजी स्वतः घरी आले. भर पावसात, छत्री उलटी झालेली.

"दयाराम, यंदा नारळी पौर्णिमेला टब रांगेत लाव. दर्यात जातो, मासा आणतो, म्हंजे होडीच ती. पूजा व्हायला पायजे. तीन वर्षं तू बाजूला उभा ऱ्हातोस, आम्हाला बघवत न्हाय."

ह्यांचा चेहरा! तीन वर्षं सगळ्यांच्या होड्या सजतात आणि हे टोपी हातात घेऊन काठाला. होडी नसलेला कोळी म्हणजे घंटा नसलेलं देऊळ. मी दारातून बघत होते. माझा जीव हरखला.

मग गुणाजी माझ्याकडे वळले. "वहिनी, पूजा झाल्यावर मात्र... तुम्हाला ठाऊक हायच. बाईमाणसाचा पाय नको मग. आपला दीपेश ऱ्हाईल की ह्याच्या जोडीला. मी बोललोय त्याच्याशी."

मी चहा ठेवायला आत गेले. चहा उतू गेला.

२१ जुलै

म्हातारे, तुझं काय जातंय? तू गेलीस कशाला होतीस? ह्यांच्यासाठी. दीपेश तरणाताठा पोर, डोळे घारीचे, तुझ्यापेक्षा बरा बघेल खुणा. ह्यांना मान परत मिळतोय, दर्याही सुटत नाही. मग तोंड वाकडं का?

तोंड वाकडंच आहे.

२६ जुलै

ठरवलं. एक शब्द बोलणार नाही. हळद दळून आणली. टबाचं नाक घासून लख्ख केलं, विनेशच्या वेळचा शेवाळाचा डाग पण गेला. ह्यांच्यासाठी नवी टोपी, लाल. घासताना गोदूबाई कुंपणावर येऊन उभी राहिली. आज थट्टा केली नाही. नुसतं म्हणाली, "तुला सोडवंल का गो?"

मी म्हटलं, मला मेलीला काय, गुडघे सुटले एकदाचे.

नारळी पौर्णिमा

अजून डोकं भणभणतंय.

बाजे वाजतायत, सगळ्या होड्या रांगेत, पताका, फुगे. शेवटी आमचा टब, केशरी, झेंडूची माळ घालून. पोरं फोटो काढतायत. मी ताट घेऊन बायकांत उभी. गुणाजी एकेका नाळेला हळदकुंकू लावत, नारळ फोडत आले. टबापाशी आले. नारळ वर उचलला.

हे पुढे झाले. चाचपडत — लोकांना वाटलं थोडी घेतलीय — आणि टबाच्या नाकावर हात ठेवून म्हणाले, "पाटील, ऱ्हाऊ द्या. टबाला कसली पूजा? पोरांचं खेळणं हे. नारळ फुकट जायचा."

गुणाजींचा नारळ वरच राहिला. "दयाराम, तूच तर हो म्हणालास!"

"चुकलं. मी होडी विकली तवाच संपलं. हा टब."

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. "टबातला कोळी!" असं एक पोरगं ओरडलं. ह्यांनी लाल टोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि काठाला जाऊन उभे राहिले, तीन वर्षं राहायचे तसेच.

घरी येऊन मी भांडले. कडाकडा. एवढी तयारी केली, अख्ख्या गावात हसं झालं, काय मिळवलंत? तर म्हणतात, "दीपेशला डोळ्याचं कळलं असतं. दोन दिवसांत अल्पेशच्या कानावर."

ते खरंच. माझ्या ध्यानातच आलं नाही. नारळीभात वाढला. दोनदा मागून घेतला.

आणि खरं सांगते — वाढताना मनातल्या मनात उड्या मारत होते. मेली मी!

१४ ऑगस्ट

गेलो. पाणी अजून उधाणाचं, लवकर फिरलो. मासा नाही. पण चिमणी, बन, बुरूज, दिवा — सगळे जागेवर. मागून वल्ह्याचा आवाज येईना म्हणून बघितलं तर हे वल्हं मांडीवर ठेवून, तोंड माझ्याकडे करून नुसते बसलेले. म्हटलं, काय झालं? "काय न्हाय. तू सांग काय काय दिसतं."

सांगितलं सगळं. खूप वेळ.

९ सप्टेंबर

पहाटे उठवायला गेले, उठेनात. हात लावला तर जागेच.

म्हणाले, "तू जा गो. मला शिमग्यालाच पुरं झालं होतं. खांदा उचलत न्हाय, दिसत काय न्हाय, मला कसला आलाय दर्या! मी बसलो तर तू पण बसशील, म्हणून येत होतो."

आणि गोधडी तोंडावर ओढून घोरायला लागले. खोटं खोटं!

अंगणात बराच वेळ उभी होते.

टब एकटीला ढकलता येतो.